सांदवाडीतून देवयानीचे छायाचित्र

श्रोते हो, कार्तिकातली अवस आली की रात्री आठ-साडेआठला घरामागच्या सांदवाडीत या आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पाच ताऱ्यांची दोन शिखरे दिसतील. ती शर्मिष्ठा. डावीकडचे शिखर जरा जास्त टोकदार आहे. त्याच्या सरळ वर, हात लांब करून वीतभरापेक्षा थोडे कमी अंतर मोजा. आकाश काळेभोर असेल तर तिथे कापसाच्या पुंजक्यासारखे काहीतरी पुसट दिसेल. ही देवयानी दीर्घिका. तिथून निघालेला उजेड २५ लाख वर्षे वाट चालून आज तुमच्या डोळ्यांत शिरतो आहे.

म्हणाल, एवढासा पुंजका, त्याचं काय घेऊन बसलात? पण आपल्याला दिसतो तो नुसता गाभा. सगळी देवयानी पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवावे एवढी लांब आहे. डोळ्याला उजेड साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. इझाक रॉबर्ट्स हा बांधकामाच्या धंद्यातला माणूस. त्याने २९ डिसेंबर १८८८ रोजी लिव्हरपूलजवळच्या आपल्या खाजगी वेधशाळेतून देवयानीचे छायाचित्र घेतले आणि त्यात तिचे वळसे उमटले. त्याला वाटले, ही नवी सूर्यमाला घडते आहे! पुढे १९२३ मध्ये हबलला अशाच काचेवर एक रूपविकारी तारा सापडला. त्यावरून अंतर काढले, तेव्हा कळले की ही आपल्या आकाशगंगेबाहेरची निराळीच दीर्घिका आहे.

मी पहिल्यांदा कॅमेरा तिकाटण्यावर बसवून अर्धा मिनिट उघडा ठेवला. तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट आले. दोष कॅमेऱ्याचा नव्हे, पृथ्वी फिरते त्याचा. त्यावर इलाज गावच्या सुताराकडे आहे. फूटभर लांबीच्या दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडा. बिजागरीपासून बरोबर नऊ इंचांवर खालच्या फळीत सहा मिलिमीटरचा, एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकणारा बोल्ट बसवा. बिजागरी डाव्या हाताला ठेवून तिची खीळ ध्रुवाच्या रोखाने धरा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवा आणि सेकंदकाट्याकडे बघत बोल्ट मिनिटाला एक फेरा, सावकाश फिरवत राहा.

शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर करून घ्यावे. नऊ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ भरतो सुमारे १४३६ मिलिमीटर. आणि ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची, म्हणजे १४३६ मिनिटांची! हा मेळ पाहून मुले उड्या मारतात. (आमच्या एका मुलाने बोल्ट उलटा फिरवला, तारे दुप्पट लांब आले. तेही शिक्षणच.)

मिनिटामिनिटाची साठेक चित्रे घ्या आणि संगणकावर एकावर एक रचा. वळशांमधल्या काळ्या धुळीच्या रेघा हळूहळू वर येतात. मात्र दिव्यांचा उजेडही तसाच साठत जातो. माझ्या सांदवाडीमागे पांढरा पथदिवा लागल्यापासून देवयानी नुसत्या डोळ्यांनी मला दिसत नाही. साठ चित्रांनी जेमतेम मिळते, तीही राखाडी आभाळात. आपल्याच जिल्ह्यातल्या पेंचला मात्र काळोख जपला गेला आहे. तिथल्या गावांतल्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवली, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्प भारतातले पहिले डार्क स्काय पार्क ठरले. तिथे गावात उजेड आहेच, पण तो रस्त्यावर पडतो. तुमच्या गावी दिवे बसणार असतील, तर ग्रामसभेत हा विषय खांब उभे राहण्याआधी काढा. नंतर दिवा वाकवायला कोणी येत नाही.

जागा मात्र दिवसाउजेडी बघून ठेवा. नागपुरात ध्रुव क्षितिजापासून अवघा २१ अंश वर असतो. उत्तरेला कडुनिंब असला तर तो झाकला जातो. आणि भिंगावरचे दव पुसायला जवळ सुती फडके असू द्या. ते पुसताना फळीला धक्का लागला, की रोख पहिल्यापासून धरावा लागतो.