वसतिगृहातील पेटी आणि तिची नोंदवही
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



वसतिगृहाविषयी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. देणगीदारांची नामावली आणि परीक्षांचे निकाल चिटणीसांच्या अहवालात आलेच आहेत. त्यांची पुनरुक्ती करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही आज वसतिगृहाच्या कार्यालयातील एका लोखंडी पेटीविषयी बोलणार आहोत. तिला राउटर म्हणतात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. या विषयातील अधिकार आमच्याकडे नाही. जे काही कळले ते चूक केल्यावर कळले, आणि चूक आमचीच असल्यामुळे ती सांगण्याचा अधिकार मात्र आहे.

राउटरचे काम रेल्वे डाकसेवेतील छाननी करणाऱ्या कारकुनासारखे असते. संगणकावरून वा भ्रमणध्वनीवरून निघालेला मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागला जातो, आणि प्रत्येक पुडक्यावरील पत्ता पाहून त्यास योग्य वाटेस लावणे हे या यंत्राचे कर्तव्य. आपल्या एका सभासदबंधूंनी एका कचेरीने जुना म्हणून काढलेला मोठा राउटर वसतिगृहास देणगीदाखल दिला. यंत्र उत्तम होते. त्यास वीजपुरवठ्याचे दोन स्वतंत्र डबे होते; एक बंद पडला तरी दुसऱ्यावर यंत्र चालावे, अशी योजना होती.

यंत्र चोरीस जाऊ नये म्हणून ते लाकडी कपाटात ठेवून कपाटास कुलूप लावावे, अशी सूचना वसतिगृह समितीत कोणी केली? आम्ही. दोन्ही डब्यांच्या वायरी टेबलाखालील एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोवल्या, त्याही आमच्याच देखत. पुढे एप्रिलच्या अखेरीस एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "सर, कपाटाच्या फटीतून पिवळा दिवा दिसतो आहे." आम्ही त्यास सांगितले की, दिवा लागला आहे म्हणजे यंत्र चालू आहे. हे वाक्य आजही आठवले म्हणजे मान खाली जाते.

तीन आठवड्यांनी, वैशाखातील एका दुपारी, वऱ्हाडचे ऊन ऐन भरात असता वसतिगृहाचे जाळे एकाएकी बंद पडले. त्याच वेळी वरच्या मजल्यावर आपला एक विद्यार्थी एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीस पडद्यासमोर बसला होता. वीस मिनिटांची मुलाखत. सातव्या मिनिटास पडदा काळा झाला. त्याने मित्राच्या भ्रमणध्वनीवरून पुन्हा जोडण्याची खटपट केली. पण ते साधेपर्यंत त्याची वेळ टळून पुढील उमेदवारास बोलावले गेले होते. पुन्हा संधी मिळाली नाही. त्याचे वडील आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एक शब्दही तक्रारीचा काढला नाही. तक्रार केली असती तर बरे झाले असते.

आमचे एक पुतणे पुण्यास अशाच जाळ्यांच्या देखभालीचे काम करतात. ते आले, कपाट उघडले, आणि मग कोपऱ्यातील जुन्या संगणकासमोर जाऊन बसले. यंत्र आपली प्रत्येक नोंद त्या संगणकाकडे पाठवीत असे; देणगीदारांनीच तशी सोय करून दिली होती, आणि आमच्यापैकी कोणीही ती कधी उघडून पाहिली नव्हती. पहिली नोंद तीन आठवड्यांपूर्वीची: वीजपुरवठ्याचा पहिला डबा बंद. त्यानंतर रोज दुपारी एक ते पाचच्या दरम्यान तापमानाचा इशारा. पुढे इशाऱ्याऐवजी 'गंभीर'. शेवटची नोंद मुलाखतीच्या सातव्या मिनिटाची: यंत्र स्वतःस बंद करीत आहे. पुतणे एवढेच म्हणाले, "काका, हे तीन आठवडे ओरडत होते."

यंत्र काय आणि कसे सांगते, ते आता आपणांस सांगू. अशा यंत्रात ठिकठिकाणी तापमापक बसविलेले असतात. एक, हवा आत येते त्या तोंडाशी. दुसरा, ती बाहेर पडते तेथे किंवा मुख्य गणकाजवळ. या दोन आकड्यांची तुलना फार बोलकी असते. आत येणारी हवाच तापलेली असेल, तर दोष खोलीचा. आत येणारी हवा पूर्वीइतकीच असून बाहेरची मात्र चढत चालली, तर पंखा थकला आहे किंवा धूळ साचली आहे. वर्गात उकाडा आहे की मुलास ताप आहे, हे शिक्षकास जसे कळावे लागते, तसेच हे. आमच्या पेटीत दोन्ही दोष होते. बंद पडलेल्या डब्याबरोबर त्यातील पंखाही थांबला होता, आणि कुलूपबंद कपाटात तीच तापलेली हवा फिरून फिरून आत येत होती. यंत्रास चार अवस्था ठाऊक असतात: सामान्य, इशारा, गंभीर आणि बंद. शेवटच्या अवस्थेत ते जळण्यापेक्षा थांबणे पसंत करते. दोष त्याचा नव्हे.

दाबाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज पुरवठ्याच्या डब्यात बहुधा १२ व्होल्टची सरळ वीज होते, आणि पुढे आतल्या भागांसाठी ५, ३.३ व साधारण १ व्होल्टपर्यंत उतरविली जाते. या प्रत्येक पायरीवर मापन चालू असते. १२च्या ठिकाणी ११.४ म्हणजे पाच टक्के घट. बहुधा येथवरच सहन होते. एखादे दिवशी आकडा क्षणभर खाली आला तर ती बाहेरच्या विजेची लहर असू शकते. पण महिन्यामागून महिना तो थोडा थोडा उतरत गेला, तर डबा म्हातारा होत चालला आहे असे समजावे.

हे म्हातारपण कशाने येते? डब्यात कपॅसिटर नावाची लहान नळकांडी असतात. त्यांतील द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातो. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असे नळकांडे दर १० अंश कमी उष्णतेस दुप्पट टिकते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आम्ही जुन्या सवयीने फळ्यावर हिशेब मांडला. ७५ अंशांवर १६,००० तास, म्हणजे सुमारे बावीस महिने. ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. केवळ दहा अंशांचा फरक, आणि तो आमच्या कुलपाने घातला होता.

यंत्राने आपली प्रकृती दूरवर कळवावी, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९६९ साली आर्पानेट या जाळ्याची पहिली छाननी-यंत्रे बसली, तेव्हाच ती वीज गेली असता नीट थांबून वीज परत येताच आपोआप सुरू होतील, अशी केलेली होती. पुढे ती दूरच्या नियंत्रणकेंद्राकडे आपली व आपल्या तारांची हालहवाल ठराविक वेळाने कळवू लागली. आज आपल्या घरी भिंतीवर फायबरची जी लहान पेटी असते, त्या जातीच्या पेट्यांतही वीज जाताच उरल्यासुरल्या साठ्यावर 'माझी वीज गेली' एवढा एकच निरोप धाडून मग विझण्याची सोय असते. इंग्रजीत त्या निरोपास अखेरच्या श्वासाचे नाव आहे. यंत्रास असे नाव देणाऱ्याने कधीतरी आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली असावी, असे आम्हांस वाटते.

आता दोन डब्यांचा प्रश्न. दोन असले म्हणजे निश्चिंत झालो, असे समितीस वाटले. वस्तुतः येथेच मोठी फसगत आहे. एकच डबा असता तर तो बंद पडताच सर्वांस कळले असते आणि आम्ही धावपळ केली असती. दोन असल्यामुळे पहिल्याचे मरण कोणासही जाणवले नाही. एका बैलावर गाडी चालली आणि गाडीवान झोपून राहिला. दुसरा डबा निश्चिंतीसाठी नसून पहिला दुरुस्त करण्यास अवधी मिळावा म्हणून असतो, आणि त्या अवधीची वार्ता कोणी वाचलीच नाही तर तो फुकट जातो. शिवाय दोन्हींची मुळे एकाच ठिकाणी असतील तर दोन हा आकडा नावापुरताच. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात पारा प्रथमच ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा लंडनच्या गायज् अँड सेंट टॉमस या रुग्णालयसंस्थेची दोन्ही संगणककेंद्रे एकाच दिवशी उष्णतेने बंद पडली. डॉक्टरांस कागदावर लिहून उपचार करावे लागले. तेथे केंद्रे दोन होती, पण ऊन एकच होते. आमच्याकडे डबे दोन आणि बोर्ड एक.

तेव्हापासून केलेली व्यवस्था थोडक्यात सांगतो. कपाटाचे लाकडी दार काढून जाळीचे बसविले. डबा नवा घातला. दोन वायरी दोन भिन्न भिंतींतील भिन्न सर्किटांवर नेल्या. कार्यालयातील संगणक दर पाच मिनिटांनी यंत्रास आपण होऊन विचारपूस करतो. कारण निपचित पडलेले यंत्र स्वतः निरोप धाडील, या भरवशावर राहता येत नाही. आकडा इशाऱ्यावर गेला की तिघांच्या भ्रमणध्वनीवर निरोप येतो. विद्यार्थी सकाळी व दुपारी दोन वाजता तापमान, दाब आणि दोन्ही डब्यांची अवस्था वहीत उतरवितात. त्या मुलांच्या अक्षराविषयी आम्ही येथे काही बोलत नाही.

महिन्यातून एकदा एक वायर मुद्दाम उपसून पाहावी, असे पुतण्याने बजावले होते. पहिल्या खेपेस आम्ही ती उपसली, यंत्र दुसऱ्या डब्यावर व्यवस्थित चालू राहिले, आणि निरोप मात्र कोणासच आला नाही. चौकशी करता समजले की, तिन्ही निरोप माजी चिटणीसांच्या जुन्या क्रमांकावर जात होते, आणि तो क्रमांक केव्हाच बंद झाला होता. यास्तव पदाधिकारी बदलले की सहीच्या नमुन्याबरोबर हेही क्रमांक बदलावे, असा ठराव आम्ही लिहून दिला आहे.

एक गोष्ट अद्याप उरली आहे. दोन वायरी दोन सर्किटांवर असल्या तरी त्यांमागे इन्व्हर्टर एकच आहे. दुसऱ्याचा खर्च मागील बैठकीत अनाठायी ठरला. त्याच बैठकीत आजच्या सत्कारांसाठी शालश्रीफळांची रक्कम एकमताने मंजूर झाली; आम्हांसही त्यातील एक शाल मिळाली आहे, हे येथे कबूल करावे लागते. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे दुसऱ्या इन्व्हर्टरचा विषय पुन्हा ठेवला असून त्याचा क्रमांक ७ आहे. सातव्या विषयापर्यंत सभागृहात पुष्कळशा खुर्च्या रिकाम्या होतात, हा आमचा अनुभव. कृपा करून तोवर बसावे, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.