लुगडं नेसलेला पुरुष आणि बांगड्यांचा आहेर

(शेवगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पुरुषानं बाईचा वेश घेणं ही गोष्ट आपल्या भागाला मुळीच नवी नाही. शेवगावच्या एका अंगाला नेवासा आहे. तिथल्या मोहिनीराजाच्या मंदिरात विष्णूचं मोहिनीरूप पूजलं जातं. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत देवानं स्त्रीरूप घेऊन इथंच वाटलं, अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या अंगाला, घोटणवरून पुढं गेलं की पैठण. तिथं सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडं रचली आणि त्यांत सासुरवाशीण, जोगवा मागणारी, भविष्य सांगणारी कैकाडीण अशा कितीतरी बायकांना तोंड फोडलं. त्या बायकांची सोंगं शतकानुशतकं पुरुषांनीच घेतली.

भारूड करणारा गडी तयार होताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आडोशाला जाऊन तो धोतरावरच लुगडं गुंडाळतो, पदर डोक्यावर ओढतो आणि बोटानं कपाळावर आडवं कुंकू लावतो. मिशी तशीच असते. ती कुणी काढायला सांगत नाही. तो बोलू लागला की समोरच्या बायका हसता हसता पदर डोळ्याला लावतात, कारण दारुड्या नवऱ्याचं, कजाग सासूचं, फुटक्या नशिबाचं बोलणं त्यांच्या घरातलंच असतं. सोंग संपलं की त्याच माणसाच्या पाया पडतात. त्याला कुणी बायक्या म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट. याच गावात एखादा अधिकारी काम करत नाही म्हणून मोर्चा निघतो आणि त्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवला जातो. कधी साडीचोळीही देतात. वर्तमानपत्रात फोटो येतो. बाईचा पोशाख कीर्तनाच्या मांडवात पूज्य आणि तहसील कचेरीत अपमानाचा. असं का होतं, याचा विचार आज आपल्याला करायचा आहे. पोशाखाचा इतिहास मी सांगणार आहे तो या एका प्रश्नासाठी.

मराठी रंगभूमीपासून सुरुवात करू. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीता झाला तो पुरुषच. घरंदाज बाईनं चार लोकांसमोर उभं राहणं तेव्हा समाजाला मान्य नव्हतं. पुढं किर्लोस्कर मंडळी आली, 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आलं, 1882 मध्ये ‘सौभद्र’ आलं आणि भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेनं लोकांना वेड लावलं. अशा नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. कंपनीचं नशीब त्याच्या गळ्यावर आणि रूपावर अवलंबून असे.

मग आले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांनी दिलं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, 1913 मध्ये त्यांनी भागीदारांसह स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू या त्यांच्या भूमिकांची नावंही आजच्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणतात. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की, रंगमंचावर ते खोटा माल चालू देत नसत. शालू खरे, पैठण्या खऱ्या, अत्तर खरं. या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली, तरी हौस सुटली नाही.

नाटकाला आलेल्या बायका वरच्या सज्जात बसून गाणं तर ऐकतच, पण बारकाईनं पाहत ते पदर कसा घेतलाय, अंबाडा किती वर बांधलाय, गजरा कुठं माळलाय, पोलक्याची बाही कशी आहे. दुसऱ्या दिवसापासून पुण्यामुंबईच्या घरांत तसंच नेसणं, तशीच वेणीफणी सुरू होई. कुलीन बाईनं कसं दिसावं आणि कसं चालावं, हे महाराष्ट्राला काही वर्षं एका पुरुषानं शिकवलं. आज एखाद्या मालिकेतल्या नायिकेचं मंगळसूत्र पाहून सराफाकडे तसंच मागितलं जातं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं मंगळसूत्र असंच गावोगाव पोचलं. बालगंधर्वांच्या काळी ती नायिका पुरुष होता, एवढाच फरक.

या कौतुकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या काळात पुरुषाच्या पदराची वाहवा होत होती, त्याच काळात रंगमंचावर पाय ठेवणाऱ्या खऱ्या बाईला लोक नावं ठेवत होते. दादासाहेब फाळक्यांना 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच होते. पण फाळक्यांनी त्याच 1913 मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना पडद्यावर आणलं. मोहिनीचं काम कमलाबाईंनी केलं. आपल्या नेवाशाची मोहिनी पडद्यावर आली ती खऱ्या मुलीच्या रूपानं, याचा आपल्याला विशेष आनंद वाटायला हरकत नाही.

त्या काळी बायकांच्याही नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांची कामं बायकाच करत. त्यांना बालगंधर्वांसारखं वलय लाभलं नाही. 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या मंडळीत स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करायचा पायंडा पाडला. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांना लोकांनी मनापासून स्वीकारलं. स्त्रीपार्टी नटाचे दिवस भरले.

पुढं या नटांचं काय झालं? 1935 मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला आणि त्यात एकनाथ महाराज झाले बालगंधर्व. पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ आला आणि तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. तेही नाटकातले नावाजलेले स्त्रीपार्टी. आज तुकोबा म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढं पागनीसांचाच चेहरा येतो. महाराष्ट्रानं ज्यांना साडीत पाहिलं होतं, त्यांनाच दोन वर्षांत दोन संत म्हणून हात जोडले. बाईचं दुःख वर्षानुवर्षं अंगावर वागवलेल्या नटांच्या चेहऱ्यावर जे मार्दव येतं, तेच संताच्या भूमिकेला उपयोगी पडलं, असं मी मानतो.

आता रंगमंचावरून घरात येऊ. आपल्या आज्या-पणज्या नऊवारी नेसत, आजोबा धोतर नेसत. दोन्ही वस्त्रं बिनशिवणाची, दोन्हींना कासोटा. शेतात वाकताना दोघांच्याही पायांची हालचाल मोकळी. बाईचं लुगडं मधे विरलं की त्याचा खराब भाग काढून चांगले दोन तुकडे जोडत, त्याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं नेसून हयात काढलेल्या बायका या सभागृहातल्या अनेकांनी पाहिल्या असतील. भारुडातल्या गड्याला नुसतं लुगडं गुंडाळून बाई होता येत होतं, याचं एक कारण हेही की पुरुषाच्या आणि बाईच्या नेसण्यात अंतर फार नव्हतं.

मग पुरुष पँटीत गेला आणि बाई गोल पाचवारीत आली. शहरात हा बदल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला. आपल्याकडे सासू लुगड्यात आणि सून गोल साडीत, असं चित्र बहात्तरच्या दुष्काळानंतरही कित्येक वर्षं होतं. गोल साडी नेसणाऱ्या सुनेला तेव्हा फॅशनवाली म्हणत. नायलॉन आलं, टेरिलीन आलं. पुढं कॉलेजच्या मुली पंजाबी ड्रेस घालू लागल्या. मग लग्नानंतर ड्रेस चालेल का, यावर घराघरांत भांडणं झाली. पाठोपाठ जीन्स आली. प्रत्येक वेळी संस्कृती बुडाल्याची ओरड झाली आणि दहा-पंधरा वर्षांनी तोच पोशाख साधा, घरंदाज ठरला. ज्या नऊवारीला सुनांनी जुनाट म्हणून पेटीत टाकलं, ती आता शिवून तयार मिळते आणि पाडव्याच्या मिरवणुकीत मुली ती नेसून बुलेट चालवतात. पैठणच्या मागावरची पैठणी तर सगळ्या पिढ्यांना पुरून उरली.

या प्रवासाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही पोशाखांमधलं वाढलेलं अंतर पुन्हा कमी झालं ते फक्त बाईनं चालून. तिनं शर्ट घेतला, पँट घेतली, बूट घेतले. पुरुष तिच्या दिशेनं एक पाऊलही आला नाही.

बाईनं पुरुषाचा कपडा घेण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या पायाखाली आहे. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाहा. साडीचा ओचा वर खोचलेला, वरून नवऱ्याचा किंवा भावाचा फुल बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या, डोक्याला फडकं. उसाचं पान हाताला कापतं, त्यासाठी ही सोय. कॉलर मानेवर उभी केलेली असते, कारण कुसळ मानेत जातं. ती बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. तिनं पुरुषाचा वेश केलाय असं कुणाला वाटत नाही. पण तिच्या नवऱ्यानं एका थंडीच्या पहाटे तिचं पोलकं अंगात घातलं, तर टोळी वर्षभर त्याला हसेल.

असं का? बाईनं पुरुषाचा कपडा घेतला की ती वर चढली असं आपण समजतो आणि पुरुषानं बाईचा घेतला की तो खाली घसरला असं समजतो. कपड्यात वर-खाली काही नसतं. वर-खाली आपण माणसांना ठेवलं आहे आणि कपड्यांवर ते लिहून टाकलं आहे.

याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नावं घेतली पाहिजेत. तमाशात नाच्या असतो. सिनेमात ही भूमिका कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी अजरामर केली. ते बायको-मुलं असलेले संसारी गृहस्थ. पण लोकांनी भूमिका आणि माणूस एकच धरला आणि त्याचे चटके त्यांच्या घरच्यांनाही बसले. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला नाच्या झालेला गुणा हाच पीळ सोसतो. 2010 मध्ये त्यावरचा सिनेमा आला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं डोळे पुसले. बालगंधर्वांनंतरच्या काळात साडीतला पुरुष मुख्यतः हसण्यासाठी उरला होता. ‘मोरूची मावशी’तले विजय चव्हाण किंवा ‘अशी ही बनवाबनवी’तले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर मीही मनापासून हसलो आहे. त्या कलावंतांचं कसब मोठंच आहे. पण बालगंधर्वांना पाहून ज्या समाजाला बाई कळत होती, त्याला साडीतला पुरुष दिसला की आता फक्त हसूच का येतं, हे स्वतःला विचारलं पाहिजे.

आणखी एक भेद स्पष्ट करतो. नट साडी नेसतो ती प्रयोग संपेपर्यंत. यल्लम्माच्या नावानं सोडलेल्या जोगत्याच्या अंगावर ती लादली जाते. ‘जोगवा’ या 2009 च्या चित्रपटानं ते दुःख दाखवलं. आणि काही माणसं अशी असतात की, मुलगा म्हणून जन्मली तरी आतून ती बाईच असतात. त्यांच्या लेखी साडी हा वेश नसतोच. आयुष्यभर अंगावर वागवलेला शर्ट-पँट हा वेश असतो. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनातून आणि आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख यांच्या कवितेतून ही माणसं स्वतःच्या तोंडानं बोलू लागली आहेत. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात निकाल दिला की, आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा आहे आणि आपल्याला पटेल तसा पोशाख करणं हा घटनेनं दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. 2019 मध्ये त्यांच्या हक्कांसाठी कायदाही झाला. त्या कायद्यातल्या काही तरतुदींवर या समाजाचेच आक्षेप आहेत आणि ते ऐकून घेणं आपलं कर्तव्य आहे. पण बसस्टँडवर, शाळेच्या वर्गात, घराच्या उंबऱ्यात जे घडतं, तिथं न्यायालय पोचत नाही. तिथं आपण असतो.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो. पहिली मोर्चे काढणाऱ्यांना. अधिकाऱ्याचा निषेध जरूर करा, पण बांगड्या देऊ नका. आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव आहे. एका राज्यकर्त्या स्त्रीचं नाव अभिमानानं मिरवायचं आणि बाईचा अलंकार नालायकीची खूण म्हणून वापरायचा, हे एकत्र चालणार नाही. बांगड्या भरलेल्या हातांनी या तालुक्यातलं निंदणं-खुरपणं होतं, ऊस तुटतो, भाकरी होते. दुसरी विनंती शिक्षकांना. एखादा मुलगा हळवा असेल, गॅदरिंगमध्ये मुलीचं काम मागत असेल, तर त्याला बायक्या म्हणून वर्गात हिणवू देऊ नका. त्याला ते काम द्या आणि चांगलं करायला शिकवा. तिसरी विनंती आईबापांना. घरातलं लेकरू वेगळं आहे असं कळलं, तर त्याला घराबाहेर काढू नका. रस्त्यावर टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या किती जणांना आधी त्यांच्या घरानंच बाहेर काढलेलं असतं, हे त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात तर कळेल.

मोहिनीराजाला आणि नाथांना मानणाऱ्या मुलखाला हे जमायला अवघड नाही. आपण ज्यांच्या पाया पडतो, त्यांनी बाईच्या वेशाला कधी कमी मानलं नाही. आपणही मानू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.