तट आणि त्याखालचा खडक



म्हैसूरच्या मुलांना पाण्याने वेढलेला किल्ला नवा नाही. कावेरीच्या प्रवाहांनी वेढलेले श्रीरंगपट्टण ती लहानपणापासून पाहत असतात. त्याच नदीत, जवळच, रंगनथिट्टूची बेटे आहेत. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या आग्रहावरून १९४० मध्ये तेथील पक्ष्यांना अभय मिळाले. मात्र किल्ल्याची सहल इतिहासाची आणि बेटांची सहल विज्ञानाची, अशी वाटणी शालेय वेळापत्रकाने करून ठेवली आहे. सहल मालवणच्या किनाऱ्यावर पोहोचते, तेव्हा ही वाटणी टिकत नाही.

१६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. भोवती खडकाळ समुद्र असल्याने शत्रूच्या जहाजांना जवळ येणे अवघड होते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी तर भर समुद्रातही गोड! निसर्गाने दिलेल्या या आधारावरच तट उभा राहिला. याच मालवणहून फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराजांचे आरमार आजच्या कर्नाटकातील बसरूरपर्यंत गेले.

आरमाराला लाकूड लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याविषयी स्पष्ट ताकीद आहे. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वाढविण्यात माणसांची वर्षानुवर्षांची माया खर्ची पडलेली असते. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला मोबदला देऊन, त्याच्या संमतीने घ्यावे.

त्याच तटाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील प्रवाळ दगडासारखे दिसतात, परंतु त्या सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती असतात. पाणी फार तापले की त्या पांढऱ्या पडतात. होडीचा नांगर किंवा माणसाचा पाय पडला की तुटतात आणि ती हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

म्हणून सहलीची खरी परीक्षा परतीच्या होडीत होते. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहेच. परंतु कायदा ठाऊक नसतानाही, केवळ अमात्यांची ताकीद आठवून एखाद्या मुलाने हात आवरला, तर तो इतिहास खऱ्या अर्थाने शिकला. एरवी सहल किनाऱ्याकडून ज्ञान घेते आणि किनाऱ्यालाच थोडे उणे करून परतते.

पालकहो, सहलीहून आलेल्या मुलांना ‘काय आणलेस?’ असे विचारण्याची आपली रीत आहे. यापुढे, ‘काय पाहिलेस आणि तेथेच ठेवून आलास?’ असेही अवश्य विचारावे.