सरकारी बांधकामात देशी मालाची सक्ती असावी का?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल प्रथम सर्वांचं अभिनंदन. अशा वेळी जुन्या आठवणी सांगायचा रिवाज आहे. पण आठवणी सांगणारे आज बरेच वक्ते आहेत, म्हणून मी जरा वेगळा विषय घेतलाय. तो लवकरच आपल्या सर्वसाधारण सभेपुढेही येणार आहे.

सभागृहाच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायचे आणि त्यावर कॉलनीतले पथदिवे व बोअरचा पंप चालवायचा, असा कार्यकारिणीचा विचार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सोयींसाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे १० किलोवॅटला १ लाख ८० हजार. अट अशी की पॅनल भारतात बनलेले हवेत आणि आतले सेलसुद्धा भारतातच बनलेले हवेत. बाहेरच्या सेलचे पॅनल स्वस्त पडतात. म्हणून काही सभासद मला विचारतात, "नाना, आम्ही कुठला माल घ्यायचा हे सरकारनं का सांगावं?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त आपल्या गच्चीपुरता नाही. रस्ते, पूल, रेल्वे, घरकुलं, सगळीकडे तो आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सरकारी पैसा असेल तिथं अट असावी. पण नुसती अट घालून भागत नाही.

आधी दुसरी बाजू पाहू. माझ्या वयाच्या लोकांना सिमेंटचं परमिट आठवत असेल. सिमेंट देशातच बनत होतं, बाहेरच्या मालाची स्पर्धा नव्हती. तरी घराचा स्लॅब टाकायचा तर अर्ज करा, खेटे घाला, आणि मिळतील तेवढ्या गोण्या मुकाट्यानं उचला. सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारनं नियंत्रण अर्धवट उठवलं आणि मार्च १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. त्यानंतर कारखाने वाढले, आपसात स्पर्धा लागली, आणि आज सिमेंटच्या उत्पादनात आपला देश चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे. माल देशी होता तेव्हाही रांग होती. रांग मोडली ती स्पर्धेनं. हे विसरून "देशी ते सगळं चांगलं" असं म्हणणं बरोबर नाही.

आता पोलादाचं बघा. टाटांचा कारखाना १९०७ साली स्थापन झाला आणि १९१२ मध्ये तिथं पोलाद निघालं. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातलं स्वस्त पोलाद इथं येऊन पडायला लागलं आणि कारखाना बंद पडायची वेळ आली. १९२४ साली कायदा करून परदेशी पोलादावर जकात वाढवली आणि रेल्वेच्या रुळांसाठी कारखान्याला आर्थिक मदत दिली. सरकार इंग्रजांचं होतं, तरी हे झालं. १९४३ मध्ये कोलकात्याचा हावडा पूल सुरू झाला, त्याला सुमारे २६,५०० टन पोलाद लागलं. त्यातलं २३,००० टन टाटांचं होतं. १९२४ साली तो कारखाना मोडला असता, तर ऐन युद्धात एवढं पोलाद समुद्रापलीकडून कसं आलं असतं? देशी मालाच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. अडचणीच्या दिवसात बाहेरचा दुकानदार आपल्यासाठी दुकान उघडं ठेवत नाही.

आजचा नियम काय आहे, तेही थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारनं जून २०१७ मध्ये सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा आदेश काढला. २०२० च्या सुधारणेनुसार ज्याच्या मालात निम्मा किंवा जास्त हिस्सा देशी, तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार. २० ते ५० टक्क्यांच्या मधला दुसऱ्या वर्गाचा. समजा निविदेत सगळ्यात कमी भाव दुसऱ्याचा निघाला आणि पहिल्या वर्गातल्या पुरवठादाराचा भाव त्याच्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंतच जास्त असला, तर त्याला विचारतात, "त्या कमी भावात देतो का?" देत असेल तर काम त्याला. ही गोष्ट मला आवडते. प्राधान्य आहे, पण तिजोरीतून जादा पैसे जात नाहीत. पोलादासाठी त्याच वर्षी वेगळं धोरण आलं.

कुणी म्हणेल, हा जुनाट विचार झाला, जग तर खुल्या बाजाराचं आहे. खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेत सरकारी खरेदीसाठी देशी मालाचा कायदा १९३३ पासून आहे. २०२१ मध्ये त्यांनी रस्ते-पुलांच्या कामात लोखंड, पोलाद आणि बांधकामाचं साहित्य अमेरिकेतच बनलेलं हवं, असा आणखी कडक कायदा केला.

सौर पॅनलची कथा तर मजेशीर आहे. २०१० च्या आपल्या सौर मिशनमध्ये देशी सेलची अट होती, पण ती एकाच प्रकारच्या पॅनलला लागू होती. पातळ थराचे पॅनल अटीतून सुटले. मग बऱ्याच कंपन्यांनी तेच बाहेरून आणले, कारण अमेरिकेची सरकारी बँक तिथले पॅनल घेणाऱ्याला स्वस्तात कर्ज देत होती. आणि आपल्या अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार कुणी केली? अमेरिकेनंच! २०१६ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला. आयुष्य बँकेत गेलेला माणूस म्हणून सांगतो, कर्ज कुणाचं आहे आणि माल कुणाचा घ्यावा लागतोय, हे दोन कागद नेहमी शेजारी ठेवून वाचावेत.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचंही तसंच. जपाननं कर्ज दिलं ते ०.१ टक्के व्याजानं, ५० वर्षांच्या मुदतीचं, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. असं कर्ज आमच्या शाखेत कुणी मागितलं असतं तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं! तंत्रज्ञान अर्थात जपानच्या शिनकान्सेनचं. पण याच मार्गावरचा पहिला पोलादी पूल ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरतेत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बसला. तोच महामार्ग, जो आपल्या पाळधीवरून जळगावला जातो. ७० मीटर लांब, ६७३ टन वजनाचा हा पूल उत्तर प्रदेशात हापूडला तयार झाला. जपानी दर्जाच्या कसोटीला आपले कामगार उतरले. कसोटी ढिली केली असती, तर पूल देशी झाला असता, पण आपले लोक काही शिकले नसते.

आता आपल्या खान्देशातली गोष्ट. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रातून राख निघते. १९९९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की अशा केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटांमध्ये किमान २५ टक्के राख वापरावी. २००३ मध्ये ही हद्द १०० किलोमीटर झाली, म्हणजे आपलं धरणगावही आत आलं. सोबत केंद्रांनाही सांगितलं की किमान दहा वर्षं राख फुकट द्या. नदीकाठची सुपीक माती वाचवायची आणि राखेचे ढीग कमी करायचे, हा हेतू. सुरुवातीला लोक म्हणायचे, "राखेची वीट? टिकेल का?" आज करड्या विटा सर्रास वापरतात. घेणाऱ्यावर अट घातली, त्याच वेळी माल मिळायची सोयही केली, म्हणून हे जमलं.

यावरून मी तीन गोष्टी सांगेन. पहिली, अट घालताना दर्जा तसूभरही खाली यायला नको. दुसरी, देशी कारखानदारांची आपसात चुरस हवी, एकदोघांची मक्तेदारी नको. तिसरी, जादा भाव किती द्यायचा याला कमाल मर्यादा हवी. कारण तो भाव शेवटी गरीब माणूस भरतो. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. सळई महागली म्हणून ती रक्कम आपोआप वाढत नाही. लाभार्थी उसनवारी करतो किंवा सळई कमी टाकतो. दुसरा मार्ग जास्त भीतीदायक आहे.

आता आपल्या गच्चीकडे येऊ. "आमच्या पैशानं" हा सभासदांचा शब्द महत्त्वाचा आहे. अनुदान न घेता पॅनल बसवले तर ही अट आपल्याला लागू होत नाही. अनुदान घेतलं तर तो पैसा देशातल्या सगळ्या करदात्यांचा आहे, त्यात बोदवडचा शेतमजूरही आला, जो काडेपेटी घेतानाही कर भरतो. त्याच्या पैशावर त्याच्या देशातल्या कामगाराला काम मिळावं, ही अट मला अन्यायाची वाटत नाही.

तरी निर्णय भावनेवर नको. कार्यकारिणीला माझी सूचना अशी: एकाच क्षमतेचे दोन्ही प्रकारचे कोटेशन घ्या. देशीमधून अनुदान वजा करा, मग तुलना करा. पॅनल सरकारमान्य यादीतला आहे का, सेल देशी असल्याचा लेखी दाखला आहे का, ते तपासा. आणि हमी कोण देतंय ते बघा. पॅनलची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते, म्हणजे आपल्या संस्थेच्या आजच्या वयाइतकी. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला तक्रार घेऊन जायची वेळ आली, तर ज्याचं दार आपल्याला ठोठावता येईल असा माणूस त्या कागदावर हवा.

सभेत मतभेद होतील, व्हायलाच पाहिजेत. पण सगळ्यांनी आकडे वाचून यावं, एवढी विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!