व्हिएतनामची नौकासफर : काटकसर कुठे करावी?

मंडळी, गेल्या दिवाळीत आम्ही चौघे व्हिएतनामच्या हालाँग उपसागराला जाऊन आलो. बरेच जण खर्च विचारतात, म्हणून दोन शब्द.

आम्हा सरकारी नोकरांनी आधी खात्याची परवानगी घ्यावी, मगच तिकीट काढावे. ई-व्हिसा माणशी 25 डॉलर. हनोईहून हालाँग सुमारे 160 कि.मी.; बसने जावे. क्रूझवर रात्र न काढता आम्ही कात बा बेटावर साध्या हॉटेलात राहिलो आणि दिवसाची बोट घेतली. तिथे बरेच पैसे वाचले.

पावसाळ्यात दर उतरतात, पण तो वादळांचा काळ. जुलै 2025 मध्ये तिथे पर्यटकांची बोट उलटून अनेक जण दगावले.

आमची धाकटी धक्क्यावरच अडून बसली. 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात बुडाली ती मुले तिच्याच वयाची होती. बोटवाल्याने तिच्या मापाचे लाइफ जॅकेट शोधून आणले, मी पट्टे ओढून पाहिले, तेव्हा ती चढली. परतताना पुढे जाऊन बसली होती.

मंडळी, काटकसर हॉटेलात करा, जेवणात करा. मोसम आणि जॅकेट यांत करू नका.