जुनी मोटार तेल का खाते?



वसंत व्याख्यानमालेत आम्ही मोटारीच्या तेलाचा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडील. पण सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना इंजिन परके नाही. 1910 साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. 1937 साली मुंबई प्रांताचे पहिले मुख्य मंत्री झालेले धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातील कारखान्यात डिझेल इंजिने तयार झाली. विहिरीवरच्या इंजिनाच्या धुरावरून त्याची प्रकृती ओळखणारे शेतकरी इकडे पुष्कळ. मग जुनी मोटार दारात आली आणि मिस्त्री ‘इंजिन खोलावे लागेल’ म्हणाला, की आमची बोबडी का वळावी?

खोलण्यापूर्वी मोजावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी, ऑइलची पट्टी पाहून वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे. साताऱ्याहून सांगलीस चार वेळा जाऊन-येऊन झाले की हजार किलोमीटरच्या आसपास होतात. मग त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हा किती भरावे लागले ते वहीत टिपावे. हजार किलोमीटरला अर्धा लिटर खर्च कित्येक कारखानदार दोष मानीत नाहीत. पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर बहुधा लिटरभराचे असते, हेही ध्यानात असू द्यावे.

तेल नाहीसे होण्याच्या वाटा मुख्यतः दोन: गळणे आणि जळणे. गळतीसाठी रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे; सकाळी डाग कुठे पडला ते पाहून वर शोधावे. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टर, खालचे चेंबर ही नेहमीची ठिकाणे.

जळणाऱ्या तेलाचा धूर निळसर असतो. काळा धूर इंधन जास्त झाल्याचा. पांढरा, गोडसर वासाचा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा धूर बहुधा रेडिएटरचे पाणी आत शिरल्याचा. मात्र निळा धूर केव्हा येतो, यातच खरी मेख आहे. रात्रभर उभी गाडी सुरू करताना एक भपकारा येऊन थांबला, तर व्हॉल्व्हची सीले कडक झाली असावीत. रात्री तेल त्यांतून थेंबथेंब उतरते. दुसरी परीक्षा पांचगणीहून वाईस उतरताना पसरणीच्या घाटात होते. गिअरमध्ये गाडी उतरवताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. पेट्रोल इंजिनात तेव्हा मोठे शोषण होऊन सैल गाइडांतून तेल आत ओढले जाते. पायथ्याशी पाय दाबताच मागे निळा लोट उठला, की निदान झाले! चढावर, ओझ्याखाली सतत निळा धूर निघाला, तर मात्र संशय पिस्टनच्या रिंगांवर. विकणाऱ्याने आपण जाण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल, तर सकाळचा भपकारा दिसणार नाही. म्हणून आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. हल्लीच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडे तेल गुपचूप जाळून टाकतो, तेव्हा धुरापेक्षा वहीवर विश्वास अधिक.

येथे एक क्षुल्लक वस्तू विसरली जाते. इंजिनाच्या पोटातील वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी व तिचा छोटा व्हॉल्व्ह तुंबला, तर पोटातला दाब वाढून तेल वाटेल तिकडे पळते. हा व्हॉल्व्ह स्वस्त; त्याच्याऐवजी रिंगा बदलणे म्हणजे उंदरासाठी घर पाडणे. टर्बो असेल तर त्याच्या पुढची नळी काढून आत तेल साचले आहे का, तेही पाहावे.

हे सारे झाल्यावर कॉम्प्रेशन तपासावे. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहावे. वाढला, तर रिंगा किंवा बोअर. तसाच राहिला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. आणि आकडा उत्तम असूनही गाडी तेल पीत असेल तर? वरच्या दोन रिंगा दाब धरतात, तिसरी तेल पुसते. वेळेवर ऑइल न बदलल्याने ती काजळीत चिकटून बसते, आणि कॉम्प्रेशनला त्याचा पत्ताही नसतो.

आता हिशेब. वर्षाला आठ हजार किलोमीटर आणि हजारास अर्धा लिटर, म्हणजे चार लिटर तेल. त्यासाठी इंजिन खोलण्याची घाई आम्ही तरी करणार नाही. पण दर रविवारी पट्टी पाहू, आणि अर्धा लिटरचा डबा डिकीत ठेवू.