बेलापूर रस्त्याला हायब्रिड सायकल

श्रीरामपूर सपाट. चढ असा नाहीच. मग दहा-पंधरा हजारांच्या सायकलीला एकवीस गिअर हवेत कशाला? सात पुरतात.

हायब्रिड म्हणजे रेसिंगची हलकी चाकं आणि सरळ हँडल. टायर साधारण 35 ते 40 मिलिमीटर रुंद. डांबरी रस्त्यावर पळतो, कालव्याकडेच्या मुरमावरही तग धरतो. पुढचा स्प्रिंगचा शॉकअप दिसतो झोकदार, पण स्वस्त सायकलीत तो नुसतं वजन वाढवतो. साधा फोर्क घ्या. माप बघायला दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं राहा, मध्ये दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, तेव्हा बिल नीट वाचा.

आणि हो, व्हॉल्व्ह बघून घ्या. मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. आपल्याकडे बाभळीचे काटे काही कमी नाहीत. एक जादा ट्यूब जवळ असू द्या.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. तुमच्या सायकलीला मात्र लाल दिवा हवाच. चेनला तेल घालण्याआधी धूळ फडक्यानं पुसा.